नांग्या

"फोटो झाला का? मग हे बी मी नेऊ का?"

एवढंच विचारलं होतं मावशींनी. मारुतीच्या पारावर आमचं बीजप्रक्रियेचं, म्हणजे पेरायच्या आधी बियाला औषध लावायचं, प्रात्यक्षिक नुकतंच संपलं होतं, बॅनर अजून दोन लिंबांच्या मधे बांधलेलाच होता, सर गाडीची किल्ली शोधत होते, आणि घमेल्यात एक किलो सोयाबीन गुलाबी होऊन पडलं होतं. आलेली माणसं उठून चालली होती, कुणी तंबाखू मळत, कुणी आमच्याकडं बघून हसत. मावशी मात्र घमेल्यापाशी थांबल्या होत्या. कोपरापर्यंत वाळलेला चिखल, पदर खोचलेला, हातात खुरपं. आणि मी, आकाशी शर्ट, निळी पँट, डोक्यावर कृषी कॉलेजचं नाव छापलेली हिरवी टोपी, एकदम सरांच्याच आवाजात बोलले, "नाही मावशी, त्याला औषध लावलंय. खायचं नसतं ते. कोंबड्यांना पण टाकायचं नाही, विषारी असतं." वरून पाकिटावरचा विष दाखवणारा रंगीत त्रिकोणसुद्धा बोटानं दाखवला. त्यांनी त्रिकोणाकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, हसून पण नाही, आपण चुकीच्या घराची कडी वाजवली की आतला माणूस जसा बघतो तसं.

"खायला कोण मागतंय माय. नांग्या भरायच्यात."

आता नांग्या म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं असं असतं तर विषय तिथंच संपला असता, शहरातली पोरगी आहे, शिकेल, म्हणून. पण मी हिंगोली जिल्ह्यातली, हळद आणि सोयाबीनच्या घरातली. पेरणीनंतर आठ-दहा दिवसांनी पप्पा माझ्या फ्रॉकच्या ओच्यात मूठभर बी टाकायचे आणि सांगायचे, तासानं, म्हणजे पिकाच्या ओळीनं, सरळ चालत जा, जिथं मोकळं दिसंल तिथं दोन दाणे टोच. त्या मोकळ्या जागा म्हणजेच नांग्या. कापसात तर हमखास, एक-एक सरकी मोजून. पाय चिखलात रुतायचे, चप्पल हातात यायची, आणि मी मोकळ्या जागा शोधत शोधत एवढी पुढं जायचे की मागून आईची हाक ऐकू यायची नाही. हे एक झालं. दुसरं म्हणजे, पेपरात पण लिहिलंय मी हे. "उगवण झाल्यानंतर ८ ते १० दिवसांत नांग्या भरून घ्याव्यात", चार मार्कांच्या प्रश्नातला तिसरा मुद्दा, खाली रेघ मारलेली. म्हणजे पायानं पण माहीत होतं आणि पेननं पण. तरीसुद्धा एक बाई बियाच्या घमेल्यापाशी उभी राहिली की माझ्या डोक्यात पहिली गोष्ट काय आली, तर हिला हे खायला पाहिजे असणार.

त्या रात्री मला लवकर झोप आली नाही.

सेमिस्टरचा पहिला आठवडा माझ्या डोक्यात कायम वासानं राहिलाय. पहिल्या सेमिस्टरचा वास होस्टेलच्या फिनाईलचा आणि ओल्या गादीचा. तेव्हा मी वर्गात जरा भाव खाऊन होते, कारण प्लॉटवर नेल्यावर अर्ध्या वर्गाला ज्वारीचं रोप कुठलं आणि मक्याचं कुठलं ते सांगता येत नव्हतं आणि मला लांबून कळत होतं. नंतरच्या एका सेमिस्टरचा वास नॅप्थलीनच्या गोळ्यांचा, कारण इन्सेक्ट बॉक्स पूर्ण करायचा होता आणि रूममधे प्रत्येकीच्या कॉटखाली टाचण्या टोचलेली फुलपाखरं, भुंगे, टोळ ठेवलेले, रात्री झोपताना वाटायचं उठतील की काय. अजून एका सेमिस्टरचा वास नुसता झेरॉक्सच्या गरम कागदाचा, त्यातलं बाकी काही आठवत नाही खरं सांगायचं तर. पण सगळ्या सेमिस्टरची सुरुवात एकसारखी असायची. नोटीस बोर्डवर टाइमटेबल लागायचं, त्याचा फोटो ग्रुपवर यायचा, कुणीतरी विचारायचं 'उद्या खरंच लेक्चर आहे का', आणि नवीन वहीचं पहिलं पान छान अक्षरात.

सातव्याला यातलं काहीच नाही. ज्यांनी बीएस्सी अ‍ॅग्री केलंय त्यांना सांगायला नको, राहुरी, अकोला, परभणी, दापोली, कुठल्याही विद्यापीठाखालचं कॉलेज घ्या, सातवं सेमिस्टर म्हणजे रावे. ग्रामीण कृषी कार्यानुभव. वर्ग नाही, फळा नाही, बेंच नाही. कोर्सच्या पुढं कंसात असतं तसं शून्य अधिक वीस, म्हणजे थिअरीचं क्रेडिट शून्य आणि प्रॅक्टिकलचे वीस. सीनियर मुली सांगायच्या की अख्ख्या डिग्रीतलं सगळ्यात भारी सेमिस्टर तेच, नुसती मजा, घराघरात चहा. आणि सगळ्यात बोगस पण तेच, असं पण त्याच सांगायच्या. रोल नंबरनं आठ-आठचे ग्रुप पाडले, गावं वाटली, आमच्या वाट्याला मानवत-सेलूच्या मधलं एक गाव आलं, काळी जमीन, कापूस आणि सोयाबीन, मधून मधून तूर. बॅगा, गॅसची लहान टाकी, बॅनरची गुंडाळी, रांगोळीच्या सात रंगांच्या पिशव्या असं सगळं घेऊन आम्ही जुलैत त्या गावात उतरलो. एसटी आम्हाला फाट्यावर सोडून गेली आणि आठ पोरी सामानासकट चिखलात उभ्या, समोरून एक म्हातारा सायकल हातात धरून चाललेला, तो थांबला, टोप्यांकडं बघितलं आणि म्हणाला, "आले का यंदाचे."

यंदाचे. म्हणजे दरवर्षी येतात तसले.

रूम मिळाली ती एका घराच्या मागच्या अंगाच्या दोन खोल्या, वर पत्रे. पाऊस आला की एकमेकींशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी, लाइट असली तर असली, रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी, त्यामुळं संध्याकाळी टाकीपाशी आठ पोरी आठ दिशांना तोंड करून घरी बोलतायत असा सीन रोज. आमच्यातल्या तिघी एमपीएससीच्या मागे, त्यांनी येताना रांगोळीपेक्षा जास्त वजनाची पुस्तकं आणलेली, पहाटे चारला उठून मोबाइलच्या उजेडात वाचायच्या. एक पुण्याची, तिचा मेडिकलचा नंबर हुकला म्हणून अ‍ॅग्रीला आलेली, तिला पहिल्या दिवशी गोठ्याच्या वासानं उलटी झाली आणि चौथ्या दिवशी तीच घरमालकिणीच्या म्हशीची धार काढायला बसली, आणि आम्ही सगळ्या शेतकऱ्यांच्या पोरी लांबून व्हिडिओ काढत होतो. गावातली लहान पोरं आम्हाला 'रावेच्या मॅडम' म्हणतात. एकविसाव्या वर्षी कुणी मॅडम म्हटलं की पहिल्यांदा मागं वळून बघितलं जातं, दुसऱ्यांदा जरा बरं वाटतं, आणि तिसऱ्या दिवशी आपण मॅडमसारखं उभं राहायला लागतो. हे उभं राहणं वेगळंच असतं, हात मागं, हनुवटी वर. माझं कधी सुरू झालं ते मला कळलंच नाही.

पहिल्या दिवशी ग्रामपंचायतीत स्वागत. सरांना शाल-नारळ, आम्हाला कागदी कपात दोन घोट चहा. सरपंच बाई आहेत, बोलले त्यांचे मिस्टर. त्या शेजारच्या खुर्चीत डोक्यावरचा पदर सारखा करत बसल्या होत्या, शेवटी कुणीतरी म्हणालं ताईंनी पण दोन शब्द बोलावेत, तर त्या उठून म्हणाल्या, "पोरी आल्या, चांगलं झालं. जेवायला या एकदा." माझ्या मते त्या दिवशीचं सगळ्यात कामाचं भाषण तेच.

आता मुद्दा असा की आम्ही गावात पोचलो तेव्हा सोयाबीन चार पानांवर आलं होतं. जून संपता संपता बऱ्यापैकी पाऊस पडला होता, ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका असं आम्ही पुस्तकात शिकतो, गावात त्याला 'वीतभर ओल गेली का' म्हणतात, ती गेली, आणि सगळ्यांनी दोन दिवसांत पेरून टाकलं. तेव्हा आम्ही कुठं होतो, तर सहाव्या सेमिस्टरचे पेपर देत होतो. मग रावे सुरू झालं. आणि रावेच्या मॅन्युअलमधे प्रात्यक्षिकांची यादी ठरलेली, पहिलं माती नमुना, दुसरं बीजप्रक्रिया, मग निंबोळी अर्क, बोर्डो मिश्रण, गांडूळखत असं पुढं. मातीचा नमुना घ्यायचा असतो पेरणीच्या आणि खताच्या आधी. बीजप्रक्रिया तर नावातच आहे. पण यादीत आहे म्हटल्यावर करायचं, फोटो काढायचे, जिओटॅग लावायचे, रिपोर्टमधे चिकटवायचे. मला राग यायला पाहिजे होता बहुतेक, पण खरं सांगते, पहिल्या आठवड्यात मला त्यात काही विचित्र वाटलंच नाही, उलट बॅनरवर माझं नाव तिसऱ्या नंबरला आलं म्हणून मी खूश होते.

तर ते प्रात्यक्षिक. बी आम्ही होस्ट फार्मरकडून, म्हणजे रावेसाठी आम्हाला जोडून दिलेल्या शेतकऱ्याकडून आणलं, त्याच्याकडं पेरून उरलेलं घरचंच होतं. क्रम पाठ होता, आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, मग रायझोबियम हे जिवाणू खत, इंग्लिश अक्षरं जोडून एफआयआर, पोलीस स्टेशनवाला नाही, हा जोक दरवर्षीचा असणार, आम्ही पण मारला आणि लोकं पण शहाण्यासारखी हसली. किलोला तीन ग्रॅम पावडर, वरून कीटकनाशकाचा लाल द्रव, हातमोजे घालून हलक्या हातानं चोळायचं, जोरात नाही, कारण सोयाबीनचं साल पातळ असतं, बियाचं पोतं नुसतं उंचावरून आपटलं तरी उगवण कमी होते. मी हे सांगत होते, दाणे हळूहळू गुलाबी होत होते, चांगलं चाललं होतं सगळं, आणि मागून एक आजोबा म्हणाले, "पेरून अठरा दिस झाले की बाई. आता जमिनीतल्या बियाला कसं लावायचं औषध, इंजेक्शननं का?" सगळे हसले. सर पण हसले, म्हणाले, पुढच्या वर्षीसाठी सांगतायत मुली, लक्षात ठेवा. जे काही खोटं नाही. पण पुढच्या वर्षी आजोबांच्या लक्षात राहणार ते इंजेक्शन, तीन ग्रॅम नाही.

मावशी या गर्दीत पुढंच बसल्या होत्या. त्यांना आणून बसवलं होतं. सरांना महिलांची उपस्थिती पाहिजे होती, तर सरपंचांच्या मिस्टरांनी त्यांच्याच रानात खुरपायला आलेल्या पाच-सहा बायकांना, जावा जरा येळ, बसून या, असं सांगितलेलं. रोज कापला जाणार नव्हता, पण पाथ अर्धवट सोडून आलेली होती. ज्यांना पाथ माहीत नाही त्यांच्यासाठी, खुरपायला बसलेल्या बायकांत प्रत्येकीच्या वाट्याला तासांची एक पट्टी येते, या बांधापासून त्या बांधापर्यंत, ती तिची पाथ. सगळ्या बरोबरीनं पुढं सरकतात, एखादी मागं पडली की शेजारची आपली सोडून तिची हातभर ओढून देते. मी सांगत असताना मावशींची नजर अधूनमधून रानाकडं जात होती. मला वाटलं कंटाळल्या. आता वाटतं, त्या अंतर मोजत असतील.

आणि मग फोटो. फोटोसाठी सरांनी त्यांनाच पुढं बोलावलं, घमेलं धरायला लावलं, ताई जरा इकडं बघा, हसा. त्या हसल्या नाहीत, पण घमेलं मात्र असं धरलं, कमरेवर टेकवून, एका हातानं, की आमच्या आठ जणींपैकी कुणालाच तसं धरता आलं नसतं. त्या फोटोत बाकी आम्ही सगळ्या बॅनरकडं बोट दाखवतोय.

मी पाचवीत असताना आमच्या गावात पण अशी मुलं आली होती. कृषिदूत आणि कृषिकन्या, हे शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकले, मला वाटलं होतं देवाशी संबंधित काहीतरी असणार. त्यांनी शाळेच्या मैदानात रांगोळीनं गावाचा नकाशा काढला, केवढा तरी मोठा, निळी नदी, हिरवी रानं, पिवळे रस्ते, शाळा, मंदिर, सोसायटी, दवाखाना. आम्ही पोरं काठावर उकिडवी बसून एकेकाचं घर शोधत होतो, हे तुझं, ते माझं. माझं सापडेना. कारण आम्ही गावात राहायचोच नाही, आम्ही आखाड्यावर राहायचो, रानातच, गावापासून दीड-दोन किलोमीटर. नकाशा जिथं संपला त्याच्या पुढं मैदानाची नुसती माती होती. मी रडले का ते आठवत नाही, आई म्हणते रडलीस. आठवतं ते एवढंच की त्यातल्या एका ताईनं मला पिवळ्या रांगोळीची चिमूट दिली आणि म्हणाली काढ तुझं घर, आणि मी त्या मातीत जाऊन एक चौकोन काढला, वर त्रिकोण, आणि चौकोनापासून गावापर्यंत बोटानं रेघ ओढत आणली, रस्ता म्हणून. ताईनं त्याचा फोटो काढला. मी पुढं अ‍ॅग्रीलाच जायचं ठरवलं ते तिच्यामुळं असं मुलाखतीत सांगायला बरंय, पण तसं काही नाही, बारावीच्या सीईटीत जेवढे मार्क पडले त्यात हे बसलं. तरी ती चिमूट बोटांत आठवते अजून. भरड असते रांगोळी.

आता आम्ही पण नकाशा काढला. मॅन्युअलमधे पीआरए नावाचा भाग असतो, गावकऱ्यांनी स्वतः आपल्या गावाची माहिती मांडायची, आपण फक्त विचारायचं, काठी त्यांच्या हातात द्यायची, असं पुस्तक म्हणतं. त्यात एक चपाती आकृती पण असते, गावाला कोण किती जवळचं ते गोल कापून दाखवायचं, बँकेचा गोल, दवाखान्याचा गोल, सावकाराचा गोल, जेवढा महत्त्वाचा तेवढा मोठा. मला हे शिकताना फार आवडलं होतं. प्रत्यक्षात काय झालं, तर ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा नकाशा आम्ही आदल्या दिवशी मोबाइलमधे काढून आणला आणि सकाळी सहाला, ऊन व्हायच्या आत, आम्हीच काढून टाकला, कारण अकरा वाजता कॉलेजमधून टीम येणार होती. काठी कुणाच्या हातात दिली नाही. साडेअकराला फोटो झाले, बाराला पाऊस आला, सव्वाबाराला निळी नदी सगळ्या गावातून वाहत होती. पोरं त्यात नाचली. आम्ही पत्र्याखाली उभ्या राहून हसत होतो आणि मी मनातल्या मनात नकाशाच्या बाहेरची माती बघत होते, तिथं कुणी बसलं होतं का सकाळी. मला आठवेना. मी रंग भरत होते.

आमच्या कामाच्या बातम्या पण येतात. स्थानिक पेपरात, आतल्या पानावर, 'कृषिकन्यांनी दिले बीजप्रक्रियेचे धडे'. वाचून बघा एखादी, तीन ओळी प्रात्यक्षिकाच्या आणि आठ ओळी नावांच्या, प्राचार्य, समन्वयक, कार्यक्रम अधिकारी, विषयतज्ज्ञ, मग आम्ही. कात्रण रिपोर्टमधे लावायचं असतं म्हणून बातमी आम्हीच लिहून पाठवतो. त्यात मी लिहिलं होतं, 'यावेळी महिला शेतकरी मोठ्या संख्येने उपस्थित होत्या.' रजिस्टरमधे आकडा २३. त्यात शाळेतली सहा पोरं, चहावाला, आणि मावशी धरून त्या बायका.

त्या रात्री टाकीपाशी जाऊन पप्पांना फोन लावला. नांग्याचं सांगणार होते, पण तसं एकदम बोलता येत नाही, तर आधी प्रात्यक्षिकाचं सांगितलं, अठरा दिवसांचं पण. पप्पा खूप हसले. म्हणाले, "तुमच्या सरला सांग, पेरायच्या आधी पाठवत जा म्हणावं पोरायला. दुकानदार बरुबर येळंवर येतो, तुम्हीच कसं काय मागून येताव?" मग सोयाबीनच्या भावाचं निघालं, २०२५ च्या हंगामाला हमीभाव क्विंटलला ५३२८ केला होता सरकारनं, त्याच्या आधीच्या साली ४८९२ होता आणि आपण विकलं केवढ्याला ते पप्पांनी मला परत एकदा सांगितलं, जसं काही मीच घेतलं होतं. मग मी विचारलं, आपल्याकडं ती रावेची पोरं आली होती तेव्हा तुम्ही त्यांचं काय ऐकलं हो? जरा वेळ काही बोलले नाहीत, मला वाटलं रेंज गेली. "गोणपाटाचं ऐकलं की," ते म्हणाले. ओल्या गोणपाटावर दहाच्या दहा ओळीत शंभर दाणे ठेवायचे, गुंडाळायचं, सावलीत ठेवायचं, पाच-सहा दिवसांनी उघडून मोजायचं, सत्तरच्या वर निघाले तर एकरी ३० किलो, कमी निघाले तर बी वाढवायचं. हे ते दर मे महिन्यात करतात, मी लहानपणापासून बघत आले, मला वाटायचं आजोबांपासून आलेलं असणार. "ते त्या पोरायनंच दाखवलं. उन्हाळ्यात परत आलता त्यातला एकजण, परीक्षा झाल्यावर, सोताहून. तवा दाखवलं. टोपीबिपी नव्हती घातली."

नांग्याचं सांगायचं राहूनच गेलं.

ते गुलाबी बी मावशींनी नेलं की नाही, तर नेलं. त्या वेळी मी काहीतरी पुटपुटले, सर म्हणाले हो हो न्या, तसंही ते टाकूनच द्यायचं होतं, आमच्या प्लॅनमधे खड्डा करून पुरायचं असं होतं. औषध लावलेलं बी ना खाता येतं ना विकता येतं, फक्त पेरता येतं, आणि आम्ही आठ जणी, तीन वर्षं पूर्ण शिकलेल्या, आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात ते पेरावं असं आलं नाही. मावशींनी पदराचा ओचा पसरला तेव्हा मी म्हटलं ओच्यात नको, हाताला लागेल, आणि माझे हातमोजे काढून दिले, आणि बॅनर ज्या पिशवीतून आणला होता ती पिशवी. त्या वेळी माझा आवाज जरा खाली आला होता असं मला वाटतं, की नंतर आठवताना मीच तो खाली आणलाय, कुणास ठाऊक.

आठ दिवसांनी मी त्यांच्या रानाकडं गेले. रिपोर्टसाठी नाही, म्हणजे फोन खिशात होता पण काढला नाही. सरपंचांचं नाही, त्यांचं स्वतःचं, ओढ्याच्या अंगाला सव्वा एकर. संध्याकाळी पाचची वेळ, सकाळचं रोजाचं काम उरकून आता घरच्या रानात खुरपत होत्या. एकट्याच. पाऊस दोन दिवस उघडलेला, मातीला वरून पापुद्रा धरलेला आणि आत ओल, चप्पल उचलली की किलोभर चिखल घेऊन वर यायची, मग मी ती काढूनच टाकली. बांधावर उभं राहून बघितलं तर नांग्या कळत होत्या. वाणी आणि पैसा, त्या गुंडाळी होणाऱ्या किड्यांनी कोवळे कोंब कुरतडून तासांत हातहात भर जागा मोकळ्या केलेल्या. आणि त्या जागांमधे, मोठ्या रोपांच्या मधे मधे, बुटकी, नुसती दोन जाड दलं उघडलेली रोपं. मी खाली बसले. एकाच्या दलाला बियाचं साल अजून चिकटलेलं होतं, टोपीसारखं, गुलाबी.

"उगवलं की सगळं," मावशी मागून म्हणाल्या. मी म्हटलं, ही मागं राहतील ना पण, ती मोठी सावली धरतील, काढणीला पण सारखी येणार नाहीत. म्हणजे मी परत सुरू झाले होते. त्या म्हणाल्या, "राहतेत मागं. चार शेंगा कमी लागतेत. मोकळी ठिवली असती तर तण आलं असतं." एवढं बोलून खुरप्याच्या पातीवरची माती अंगठ्यानं काढली. मला माफी मागायची होती, आठ दिवस वाक्य तयार करत होते, पण तिथं त्या चिखलात ते वाक्य एकदम बॅनरवरचं वाटायला लागलं. त्यांच्या ते लक्षात तरी होतं का, मला माहीत नाही. मी त्यांना विचारलं, औषध लावल्यानं काही फरक वाटला का? म्हणाल्या, त्यांनी अर्ध्या नांग्या त्या बियानं भरल्या आणि अर्ध्या घरच्या बिनऔषधाच्या. ओढ्याकडच्या बाजूला घरचं. जाऊन बघ.

मी गेले. तिथं पण उगवलं होतं, पण विरळ, आणि दोन ठिकाणी कोंब परत कुरतडलेले. मी मोजायला लागले, एक तास इकडचा, एक तास तिकडचा, बोटं मोडून, आणि मधेच थांबले. आमच्या सेमिस्टरमधलं पहिलं खरं प्रात्यक्षिक झालं होतं, तुलनेच्या प्लॉटसकट, आणि ते घेतलं होतं त्यांनी. रजिस्टरमधे याची नोंद कुठल्या रकान्यात करायची ते मला अजून कळलेलं नाही.

"उभी राहून काय बघायलीस," मावशींनी हाक मारली, "आलीस तर धर की एक पाथ."

मी टोपी काढून बांधावर ठेवली, वर एक ढेकूळ ठेवलं उडू नये म्हणून. त्यांनी पिशवीतून दुसरं खुरपं काढून दिलं, मुठीला चिंधी गुंडाळलेलं. मी बसले, पँटचे गुडघे लगेच ओले झाले. पहिला हात मारला तर गवताऐवजी मातीच निघाली, चार वर्षांत हाताची सवय गेलेली. मावशी चार हात पुढं निघून गेल्या होत्या, तिथूनच मागं न बघता म्हणाल्या,

"हळू घे. नांग्यातले उपटशील."